आजोबांना अळणी, नातवाला कडू: एकाच आमटीच्या तीन चवी

मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं. कोणत्या खाण्यापिण्यात किती साखर असते, हे मुलांना रोज दिसावं म्हणून हा फलक. बातमी आली आणि घरोघरी नेहमीचा वादही सुरू झाला. या पिढीला गोडाचीच चटक, आमच्या वेळी मुलं कारल्याची भाजी मुकाट खायची, वगैरे. दुसऱ्या बाजूने उत्तर तयारच असतं: तुम्हाला तर प्रत्येक भाजीत मीठ कमीच लागतं.

दोन्ही वाक्यांत थोडं खरं आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बहुतेकदा चुकतो. आवडीनिवडीत ‘पिढीचा फरक’ म्हणून जे दिसतं, त्यातलं बरंचसं पिढीचं नसतंच.

गणवेश, गोंदण आणि पाऊस

सत्तर वर्षांच्या आजींना आणि दहा वर्षांच्या नातीला वेगवेगळं आवडतं, याला तीन कारणं असू शकतात. अभ्यासक त्यांना वयाचा, पिढीचा आणि काळाचा परिणाम म्हणतात. हे शब्द लक्षात ठेवण्यापेक्षा तीन वस्तू लक्षात ठेवा.

वयाचा परिणाम म्हणजे शाळेचा गणवेश. त्या वयात सगळ्यांच्या अंगावर असतो, वय गेलं की उतरतो. पिढीचा परिणाम म्हणजे गोंदण. लहानपणी उमटलं की जन्मभर सोबत. काळाचा परिणाम म्हणजे पाऊस. आला की आजी, सून, नातू सगळेच भिजतात.

कारलं नको म्हणणं हा गणवेश आहे. 1960 सालच्या सहा वर्षांच्या मुलालाही ते कडूच लागत होतं, फक्त ताटात टाकायची सोय नव्हती. शेंगदाण्याचं आणि करडईचं तेल मागे पडून स्वयंपाकघरात सोयाबीन, सूर्यफूल आणि पाम तेल आलं, तो पाऊस. घरातल्या सगळ्यांच्याच भाजीची चव त्याने बदलली. गोंदणाकडे पुढे येऊ. भांडण होतं ते बहुधा गणवेशाला गोंदण समजल्यामुळे.

चव जिभेवर कमी, नाकात जास्त

जीभ पाचच मूलभूत चवी ओळखते: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी म्हणजे पिकलेला टोमॅटो, सुकट, मटणाचा रस्सा यांतला तो भरीव, तोंड भरून राहणारा स्वाद. जपानच्या किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये तो वेगळा काढून दाखवला. जिभेच्या टोकाला गोड कळतं आणि मागे कडू, हा पुस्तकातला नकाशा चुकीचा आहे. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात, थोडा कमी-जास्त फरक सोडला तर.

तिखट या पाचांत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून तोंड ‘भाजतं’. त्या तंतूंवरचा हा संकेत पकडणारा रेणू, म्हणजे ग्राहक (रिसेप्टर), 1997 मध्ये सापडला आणि तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. तिखट सोसणं हे मुख्यतः सवयीचं काम आहे. रोज खाल्लं की ते तंतू बोथट होत जातात. कोल्हापूरचं मूलही तांबडा रस्सा पचवायची ताकद घेऊन जन्मत नाही, हळूहळू शिकतं. ‘हल्लीच्या मुलांना तिखट झेपत नाही’ याचा अर्थ त्यांना ते रोज मिळत नाही, इतकाच.

उरलेला सगळा स्वाद, म्हणजे वेलची, लसूण, भाजलेलं खोबरं, कोथिंबीर, गोडा मसाला, हा वास असतो. आपण चावतो तेव्हा घशाच्या मागून हवा वर नाकात जाते. वासाचं हे मागचं दार. पटत नसेल तर वेलची-केशराचं श्रीखंड घ्या. नाक घट्ट दाबून एक चमचा तोंडात ठेवा. फक्त गोड आणि आंबट कळेल. तीन-चार सेकंदांनी नाक सोडा, केशर आणि वेलची एकदम हजर होतील. (सर्दीत सगळं बेचव लागतं ते यामुळेच. जीभ बिचारी ठणठणीत असते.)

लहान मुलांना कडू खरंच जास्त कडू लागतं का?

बऱ्याच मुलांच्या बाबतीत, हो. कडू ओळखणारे ग्राहक माणसात सुमारे 25 प्रकारचे आहेत. गोडाला मुख्यतः एक. निसर्गाने कडूवर इतका पहारा ठेवला, कारण वनस्पतींमधली पुष्कळ विषं कडू असतात. या पंचवीसांपैकी एका ग्राहकाच्या जनुकाचे दोन नमुने आहेत. एक तीव्र कडू जाणवणारा, दुसरा मंद. ज्यांच्याकडे दोन्हींतला एक-एक आहे अशी मुलं, तेच जनुक असलेल्या मोठ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे आईचं जनुक घेतलेल्या मुलाला तीच मेथी आईपेक्षा कडू लागू शकते. तो नाटक करत नाही.

दुसरी गोष्ट नव्या पदार्थाची भीती. साधारण दोन ते सहा या वयात ती जास्तीत जास्त असते. मूल चालायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालू शकतं, आणि नेमक्या त्याच वयात ‘ओळखीचं नाही, नको’ हा ब्रेक लागतो. वर्षाचं असताना पालकाचं वरण आनंदाने खाणारं बाळ तिसऱ्या वर्षी हिरवा ठिपका दिसला की ताट सरकवतं. आईला वाटतं, आपलंच काही चुकलं.

उपाय कंटाळवाणा आहे. तीच भाजी, करंगळीच्या नखाएवढा तुकडा, आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा, वेगवेगळ्या दिवशी. खाल्लाच पाहिजे असं नाही, जिभेला लागला तरी मोजायचा. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळी होतात. आणि ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदा उलटा पडतो. त्यातून मूल एवढंच शिकतं की चॉकलेट भारी आणि भाजी ही त्यासाठी भरायची किंमत.

गोडाची ओढ जन्मजातच असते, आईचं दूधही गोड असतं. मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त गोड आवडतं आणि पौगंडावस्था सरत आली की ती ओढ उतरते. कोणत्या पदार्थाने गोड असायला हवं, हे मात्र सवय ठरवते. दुधात कायम साखर घालून दिली की साधं दूध त्या मुलाला ‘बिघडलेलं’ लागतं. शुगर बोर्डचा खरा उपयोग मला इथे दिसतो. मुलांची जीभ फलक वाचून बदलणार नाही, पण दुधात काय घालायचं ते ठरवणारी माणसं वाचू शकतात.

साठीनंतर काय बदलतं?

जिभेवरच्या स्वादपेशी साधारण दहा-पंधरा दिवसांत नव्याने तयार होतात. वय वाढलं की हे काम मंदावतं, पण मुख्य तोटा जिभेचा नसतो, नाकाचा असतो. अमेरिकेत 1984 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत 65 ते 80 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक लोकांची वासाची क्षमता बरीच उतरलेली आढळली. ऐंशीपुढे हे प्रमाण तीन-चतुर्थांशांच्या आसपास होतं. चष्म्याचा नंबर वाढला की लगेच कळतं. नाकाचं तसं होत नाही, कारण उतार वर्षानुवर्षांचा असतो. माणसाला वाटतं, भाजीच बदलली.

त्यात लाळ कमी होते. चव जिभेला कळायला पदार्थ लाळेत विरघळावा लागतो. वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे पदार्थाचा पोत आणि उष्णता नीट कळत नाही. शिवाय गोळ्या. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळे काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते, रक्तदाबाची कॅप्टोप्रिल चव बिघडवू शकते, आणि सर्दी-ॲलर्जीच्या कितीतरी गोळ्या तोंड कोरडं करतात. गोळी मनाने बंद करायची नाही. पण चव गेल्याची तारीख आणि गोळी सुरू झाल्याची तारीख जवळजवळ असतील, तर दोन्ही कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

या पडझडीत गोडाची जाण तुलनेने टिकते. मधुमेह असूनही आजोबांचा हात पेढ्याकडे जातो तेव्हा ‘म्हातारपणी जीभ चळते’ म्हणून हसण्याआधी हे आठवावं. इतर स्वाद फिके पडले की जो शाबूत आहे त्याच्याकडे माणूस वळणारच.

मिठाचा उंबरठा घरी कसा पाहायचा

एखादी चव ओळखू येण्यासाठी जेवढं कमीत कमी प्रमाण लागतं, त्याला त्या चवीचा उंबरठा म्हणतात. तो घरी अंदाजे तपासता येतो.

एक लिटर पिण्याच्या पाण्यात बारीक मिठाचा एक सपाट चमचा (सुमारे 6 ग्रॅम) पूर्ण विरघळवा. त्यातलं अर्धं पाणी काढून त्यात तेवढंच साधं पाणी घाला: लिटरला 3 ग्रॅम. असं निम्मं-निम्मं करत 1.5 आणि 0.75 पर्यंत या. पाचवा पेला साध्या पाण्याचा. पेल्यांच्या तळाला खुणा करा आणि क्रम माहीत नसलेल्या माणसाच्या हाती द्या. प्रत्येक घोट तोंडात फिरवून थुंकायचा, मध्ये साध्या पाण्याने चूळ भरायची. तरुण माणूस बहुधा पाऊण ते दीड ग्रॅमच्या दरम्यान ‘खारट’ म्हणतो. साठीपुढच्यांना एखादा पेला पुढे जावं लागलं तर नवल नाही.

निकाल फसतो तो ठरावीक कारणांनी. चमचा शिगोशीग भरला जातो. पाणी फ्रीजमधलं असतं. चाचणी जेवणानंतर, गरम चहानंतर किंवा तंबाखू-पानानंतर घेतली जाते. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेले चढत्या क्रमाने मांडणं, कारण मग माणूस चव न घेता अंदाज सांगतो.

उंबरठा वर गेला म्हणून मीठ वाढवायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे सपाट चमच्यापेक्षाही कमी, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, पाव सगळं आलं. दिलासा एवढा की मीठ हळूहळू कमी केलं तर दोन-तीन महिन्यांत आवड खाली सरकते आणि जुनं प्रमाण खारट लागू लागतं. एका दिवसात निम्मं केलं तर घरात बंड होतं आणि पाचव्या दिवशी मिठाचा डबा ताटाशेजारी येऊन बसतो. बाजारातलं ‘लो सोडियम’ मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असतं आणि ते अंगात साठून धोका होऊ शकतो.

गोंदणाच्या चवी

आता खरे पिढीचे फरक. 1972 च्या दुष्काळात रेशनवर आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी ज्यांनी खाल्ली, त्यांना आजही लालसर भाकरी पाहून पोटात ढवळतं. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली ज्वारीच. पण भूक, रांग आणि लाचारी तिच्या चवीला कायमची चिकटली. जिभेची कोणतीही चाचणी हे पकडणार नाही.

त्याच सुमारास देशी ज्वारीशेजारी संकरित ज्वारी आली. पहिलं संकरित वाण, सीएसएच-1, 1964 चं. उतारा भरपूर, पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडायचा, आणि भाकरीला मालदांडी या देशी वाणाची गोडी नव्हती. लोकांनी ‘हायब्रीड’ हा शब्द धान्यावरून उचलला आणि थेट पोरांना लावला: ‘हायब्रीड खाऊन वाढलेली पिढी, दम कुठला असणार!’ पिढीला नावं ठेवायचा शब्दच ताटातून आला, असं उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

पदार्थाचा मानही पिढीगणिक उलटतो. एका पिढीला गव्हाची पोळी म्हणजे सणाचं अन्न आणि भाकरी म्हणजे रोजचं, गरिबीचं. 2023 हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा तीच ज्वारी शहरातल्या दुकानात चकचकीत पाकिटात बसली होती. गुळाचंही तसंच. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास सुरू झाला, पुढे साखर घरोघरी पोचली, आणि पाहुण्याला गुळाचा चहा देणं कमीपणाचं ठरलं. आज शहरात ‘गुळाचा चहा’ अशी पाटी लावलेल्या टपरीवर तरुण रांग लावतात, आणि ज्या आजींनी मोठ्या कौतुकाने साखरेचा चहा घ्यायला सुरुवात केली होती त्यांना हे कौतुक अजिबात कळत नाही.

‘पण पूर्वीचा टोमॅटो खरंच चांगला होता!’

हा आक्षेप रास्त आहे. ज्येष्ठांचं सगळंच नाकावर ढकलता येत नाही. 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जुन्या आणि आधुनिक टोमॅटोच्या वाणांची तुलना झाली. स्वादाला महत्त्वाची 13 सुवासिक द्रव्यं आधुनिक वाणांत कमी झालेली आढळली. वाण निवडताना आकार, उतारा आणि टिकाऊपणा पाहिला, चव कुणी मोजलीच नाही. मोठ्या फळात साखरही तुलनेने पातळ होते.

त्यावर आपण घरी आणखी भर घालतो. पिकलेला टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवला की सुवास तयार करणारी यंत्रणा मंदावते, आणि आठवडाभर थंडीत राहिला तर बाहेर काढूनही ती पुरती सावरत नाही. टोमॅटो ओट्यावर, देठ खाली करून ठेवावेत आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत. म्हणजे आजींच्या तक्रारीत नाकाचा गणवेश आहे आणि वाणांचा पाऊसही आहे. कोणाचा वाटा किती, हे पाहायची सोपी रीत आहे: गावठी टोमॅटो मिळाला तर दोन्हींच्या फोडी न सांगता घरातल्या सगळ्यांना द्या. नातवालाही फरक कळला तर दोष टोमॅटोचा.

एक पातेलं, तीन वाट्या

वेगवेगळ्या भाज्या करायची गरज नाही, घालायचा क्रम बदलावा लागतो. एक वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून, मीठ न घालता शिजवून घोटा. साधारण लिटरभर आमटी होईल. लहान मुलाची वाटी आधी काढा आणि तिच्यात वयानुसार चिमूटभर मीठ घाला (वर्षाच्या आतल्या बाळाला तेही नको). उरलेल्या आमटीत सपाट चमचाभर मीठ, तिखट आणि चार-पाच आमसुलं. आंबटपणा असला की मीठ कमी असल्याचं तितकं खटकत नाही.

फोडणीचे दोन भाग करा. अर्धी आता. उरलेली, म्हणजे चमचाभर तुपात जिरं, ठेचलेल्या तीन-चार लसूणपाकळ्या आणि कढीपत्ता, वाढायच्या क्षणी आजोबांच्या वाटीवर. आमटी फोडणीसकट पंधरा मिनिटं उकळली की घरभर सुंदर वास सुटतो, पण घरभर सुटलेला वास म्हणजे पातेल्यातून गेलेला वास. वाटी गरम वाढा. गार आमटीतून सुवास कमी उठतो. सुक्या भाजीत मीठ बेताचं घालून ज्येष्ठांच्या ताटात वरून कणभर भुरभुरलं तर ते आधी जिभेला लागतं आणि एकूण मीठ कमी पुरतं. भाजलेल्या तिळाचं कूट, लिंबू, ताजी कोथिंबीर हेही शेवटीच. (कोथिंबीर साबणासारखी लागते असं कुणी म्हणालं तर चेष्टा नको, वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी त्याचा संबंध सापडला आहे.)

कारल्यासाठी: पाव किलो कारल्याच्या चकत्यांना एक चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा, घट्ट पिळा, एकदा पाण्यातून काढा. कडू रस निघतो, आणि उरलेलं मीठ कडूपणाची जाणीवही दाबतं. मग भाजीत पुन्हा मीठ घालताना आधी चकती चाखा. इथेच बहुतेकांची भाजी खारट होते. चिंच-गूळ शेवटी.

आणि जिथे नाकावर भरवसा ठेवू नये

गॅस सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. ज्याचं नाक मंद झालं आहे त्याला ते उशिरा कळतं किंवा कळतच नाही. घरात ज्येष्ठ एकटे असतील तर गॅसगळतीचा अलार्म बसवा. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे यंत्र जमिनीपासून फूटभरावर लावायचं, छताजवळ नाही. त्यांच्या फ्रीजमधल्या डब्यांवर तारीख लिहा. नासलेलं दूध आणि खवट शेंगदाणे वासावरून ओळखायची सवय असलेल्या माणसाला आपली सवय निकामी झाल्याचं कळलेलं नसतं.

हळूहळू उतरलेली चव वयाची असू शकते. पण दोन-चार दिवसांत एकाएकी वास गेला तर विषाणूसंसर्ग, नाकातली गाठ किंवा डोक्याला लागलेला मार यांचा विचार करावा लागतो. पार्किन्सनमध्ये तर हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी वास कमी होऊ शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला उशीर नको.

आणि दुधी. कधीकधी एखादा दुधी कडूजहर निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. अशा दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. चिरल्यावर शेंड्याची पातळ चकती घरातल्या तरुण माणसाने जिभेला लावून पाहावी आणि थुंकावी. कडू लागली तर तो दुधी शिजवायचा नाही, गूळ घालून झाकायचा नाही, सरळ टाकायचा. आणि जेवताना नातू म्हणाला, ‘आजी, आज दुधी कडू लागतोय,’ तर त्याला रागवण्याआधी सगळ्यांनी घास खाली ठेवायचा.